लिंबाच्या नवतीवरचा किडा

सौंदडच्या आमच्या धानाच्या बांधीला लागून मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कागदी लिंबाची पंधराएक झाडं जोपासली होती. एका वर्षी त्यांची पानं चुलीच्या धुरात धरल्यासारखी काळी पडली. मामाजींनी गोंदियाहून बुरशीचं औषध आणून मारलं. काळेपण पुसट झालं आणि परत आलं. तेव्हा ते कुऱ्हाड घेऊनच निघाले.

"थांबा मामाजी, आधी मला बघू द्या."

"कायले? मेलेलं झाड पाहून का करशील?"

मी पदर ओला करून एक पान पुसलं. काळं निघून आलं, खाली पान हिरवंगार. बोटं मात्र चिकट झाली. म्हणजे बुरशी पानात शिरलीच नव्हती, वरून सांडलेल्या गोड चिकट्यावर वाढत होती. तो चिकटा कोण सांडतं, एवढंच शोधायचं होतं.

खोडावरून मुंग्या वर चालल्या होत्या. त्यांच्या मागोमाग नजर शेंड्यावर गेली. तिथली नवती, कोवळी पालवी, आखडली होती. मामाजींचा वाचायचा चष्मा मागून घेतला आणि भिंगासारखा धरला. शेपूट वर करून तिरके बसलेले बारीक तपकिरी किडे, शेजारी त्यांची चपटी पिवळी पिल्लं. शेतकी कॉलेजात असताना संत्र्यावर पाहिलेला सायला, दुसरं कोणी नाही.

चष्मा मी मामाजींना परत दिला. त्यांनी निरखून पाहिलं.

"हे तं रस पिऊन राहिले. धानावरच्या तुडतुड्यावानी!"

"तसंच आहे."

"मंग तुडतुड्याचंच औषध मारू."

मी ठाम नाही म्हटलं. त्याच डहाळीवर ठिपक्यांचे ढालकिडे त्या पिल्लांना खात होते. जहाल औषधानं तेही मेले असते.

आम्ही पाणसोट, खोडावरचे सरळसोट वांझ फुटवे, छाटले, आखडलेले शेंडे तोडून पुरले, मुंग्या अडवायला खोडांना ग्रीसची पट्टी बांधली. निंबोळीच्या अर्कात थोडा साबण घालून पानांच्या खालच्या बाजूनं फवारलं, आणि नवती फुटली की पुन्हा. पुढची पालवी स्वच्छ आली.

एक झाड मात्र सुधारेना. पानांवर पिवळे चट्टे, लिंबं बारकी आणि वाकडी. हाच किडा एका झाडाचा रोग दुसऱ्यात नेतो, हे मला माहीत होतं.

"हे काढावं लागेल," मी म्हणाले.

"आता काऊन? तूच तं कापू देत नव्हती. सगळ्यात पह्यले हेच लावलं होतं म्या."

"ते वाचणार नाही, मामाजी. आणि राहिलं तर बाकीच्यांनाही घेऊन जाईल."

ते घरात निघून गेले. माझ्या जिवाला लागलं, पण मी शब्द मागे घेतला नाही. काही दिवसांनी सकाळी सब्बलचा आवाज आला. ते एकटेच मुळं उकरत होते. मी हात लावायला गेले तर म्हणाले, "राहू दे. मीच लावलं, मीच काढतो."

झाड आडवं झाल्यावर त्यांनी घाम पुसला आणि खड्ड्याकडे पाहिलं.

"इथं लिंबू नको आता. सीताफळ आण."

मी त्याच आठवड्यात रोप आणलं.