मॅडमची वाटी

आमच्या मॅडमनं उभ्या जन्मात कुणाची वाटी रिकामी परत केली नाही. शेजारणीनं कालवण दिलं की ती वाटी घासून पुसून, आत काहीतरी घालूनच माघारी जायची. गुळाचा खडा, चार मिरच्या, मूठभर शेंगदाणे, अगदीच काही नसलं तर कढीपत्त्याची एक काडी. रिवाज गावातल्या सगळ्याच बायकांचा, पण हिचा अतिरेक. शेजारच्या झुंबरबाईशी तिचं वर्षभर बोलणं बंद होतं, तरी वाटी भरून जायचीच, फक्त उंबऱ्यावर आदळून ठेवली जायची. मी विचारायचो, "भांडलीस ना तिच्याशी? मग गूळ कशाला घालतीस?" तर म्हणायची, "भांडन माझं न तिचं हाय. वाटीनं काय केलंय?"

मॅडम म्हणजे माझी बायको. आता ती नाही. सोनईच्या अलीकडं आमचं गाव आणि गावात आमची पिठाची गिरणी. गिरणीच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळं आम्ही दोघं घरातही ओरडूनच बोलायचो. नव्या माणसाला वाटायचं, भांडण लागलंय. कधी कधी लागलेलंही असायचं. मी चौथी नापास, ती सातवी पास, आणि ते ती मला विसरू द्यायची नाही. पण मॅडम हे नाव शाळेमुळं पडलं नाही. ते म्हातारपणी दळणाला येणाऱ्या बायकांनी पाडलं. त्याच्यामागं जी इंग्रजीची भानगड आहे, तिची मला अजून शिसारी येते.

मुलगा ऑस्ट्रेलियात. नात तिकडंच जन्मली. नाव ठेवलं मिया, का तर तिकडच्या लोकांच्या तोंडात बसावं. मांजराला हाक मारावी तसं नाव. दर शनिवारी सकाळी मोबाईलवर तोंडं दाखवायचा कार्यक्रम असायचा. पोरगी पडद्यावर यायची, "हाय आजी, हाय आजोबा, बाय" म्हणायची आणि पळायची. उरलेला वेळ आम्ही त्यांच्या रिकाम्या सोफ्याकडं बघत बसायचो. मुलगा म्हणाला, "आई, तिला मराठी सगळं समजतं, फक्त बोलत नाही." मी म्हणालो, "समजतं तर आपल्या कुत्र्यालाबी." तिकडनं फोन बंद झाला. मॅडमनं मला यथेच्छ शिव्या घातल्या. मग पदरानं मोबाईलची काच पुसत म्हणाली, "ती आपल्यात येत न्हाई तर आपन तिच्यात जायाचं. पोर दोन घटका माझ्यापाशी थांबली पायजे. मला दुसरं काय बी नको."

तिच्यात जायचं म्हणजे इंग्रजीत जायचं. सोनईत खताच्या दुकानाच्या माडीवर फाडफाड इंग्रजीचा क्लास होता. तिथला सर भर उन्हाळ्यात टाय लावायचा आणि त्याच टायनं घाम पुसायचा. समोर परदेशी जायला निघालेली पोरं आणि पहिल्या बाकावर नऊवारीतली आमची बाई. हिला व्याकरण झेपायचं नाही हे सरानं ओळखलं आणि तो तिला नुसते वाक्प्रचार पाजू लागला. सोपं काम म्हणजे 'पीस ऑफ केक'. गुपित फोडणं म्हणजे 'स्पिल द बीन्स'. मला सांगा, ज्यांच्यात घेवडा सांडला की गुपित फुटतं, त्यांच्या बायका भाजी निवडतात तरी कशा?

त्याहून किळस मला त्या शेपट्यांची. एक 'गिव्ह' घ्यायचा. त्याला 'अप' लावलं की हार मानली, 'इन' लावलं की नमतं घेतलं, 'अवे' लावलं की वाटून टाकलं. म्हणजे बैल एकच, पण दर बाजाराला नवी शेपटी चिकटवून आणायचा आणि नवा बैल म्हणून गळ्यात मारायचा. आमच्या घोडेगावच्या बाजारात असं कुणी केलं असतं तर लोकांनी त्याला बैलासकट हाकललं असतं. मॅडमला मात्र त्यात काही गैर वाटायचं नाही. "तुमी न्हाई का एकाच सदऱ्यावर लग्नाला बी जाता न मयतीला बी?" म्हणायची.

पाठांतर गिरणीवर चालायचं. इकडं मोटरीचा पट्टा फिरायला लागला की तिकडं हिचं तोंड सुरू. "झुंबरबाई, तुमचं दळन म्हंजी पीस ऑफ केक!" झुंबरबाई घाबरून डब्यात वाकून बघायची. "आगं बया, मी ज्वारी दिली हुती. केक कुनाचा आला माझ्यात?" रांगेतल्या बायका हसून बेजार व्हायच्या, पण घरी जाताना तेच घोकत जायच्या. एका सुनेनं सासूला 'कूल डाऊन' म्हटलं, तर ती सासू भांडायला माझ्या दारात आली. "तुमच्या मॅडमला आवरा," म्हणाली. तेव्हापासून ती मॅडम. मी आधी चिडवायला म्हणायचो, मग तोंडातच बसलं.

एक दिवस ती सांगत आली की मरण्याला तिकडं 'किक द बकेट' म्हणतात, बादलीला लाथ मारणं. मी हातातली चहाची बशी खाली ठेवली. माणूस मेलाय, आणि ह्यांना बादली दिसते! म्हणालो, "थू असल्या भाषेवर. मेलेल्याची काय लाज हाय का न्हाई?" ती गिरणीचं जातं झाडत होती. मान वर न करता म्हणाली, "अवो, तुमी सकाळीच त्या तात्याला म्हनला ना, तुझ्या गवऱ्या मसनात गेल्यात म्हनून? तवा न्हाई किळस आली? त्यांची बादली, आपल्या गवऱ्या. मरान दोगांना बी सरळ म्हनवत न्हाई." मी बशी उचलून गार चहा संपवला. पण बादलीची घाण वाटायची ती वाटतच राहिली.

शेवटी तो शनिवार आला. मॅडम सकाळपासून ठेवणीतलं लुगडं नेसून बसलेली. मिया पडद्यावर आली, "हाय आजी" म्हणाली. पळायच्या आत मॅडमनं गिरणीवरच्या आवाजात तिला गाठलं. "मिया! यू आर द अ‍ॅपल ऑफ माय आय!" डोळ्यातलं सफरचंद. म्हणजे जीव की प्राण, असं सरानं शिकवलेलं. पोरगी थबकली. आधी डोळे मोठे केले, मग खो खो हसत सुटली. "आजी, नोबडी सेज दॅट!" मागं सूनबाई हसत होती, मुलगा हसत होता. मुलगा म्हणाला, "आई, हे फार जुनं झालं गं. आता असं कुणी बोलत नाही." मला वाटलं, मोबाईल गिरणीत घालावा आणि त्याचं पीठ करावं. त्या टायवाल्यानं बाईला शिळं वाढलं होतं. आणि पोटच्या पोरानं ते शिळं आहे हे हसून सांगावं?

मॅडमचा चेहरा उतरेल म्हणून मी तिकडं बघितलंच नाही. तर हिचा आवाज खणखणीत. "मग तुमी काय म्हनता? टेल मी." पोरीनं डोकं खाजवलं आणि म्हणाली, "हँग आउट." मग तिनंच समजावलं की मैत्रिणीबरोबर नुसतं बसायचं, काही करायचं नाही, बोललं तर बोललं. "आगं, मंजी आपलं वट्यावर बसनं!" मॅडम म्हणाली. पोरगी जायला उठली तशी हिनं परत हाक मारली. "थांब की. तू मला येक दिलंस. मी तुला रिकामी वाटी कशी देऊ?" आणि तिनं पोरीला दिलं, उंटावरून शेळ्या हाकणं. कोण उंटावर बसतो, शेळ्या खाली कशा पांगतात, सगळं हात हलवून सांगितलं. त्या दिवशी पोरगी पळाली नाही. उंटाचं चित्र काढून दाखवायला परत आली.

मग तो नेमच झाला. पोरीनं एक द्यायचं, हिनं एक परत करायचं. पोरीनं 'चिल आउट' दिलं, हिनं 'कोल्हा काकडीला राजी' दिलं. पोरीनं 'शो ऑफ' दिलं, हिनं 'उथळ पाण्याला खळखळाट फार' दिलं. एका शनिवारी मुलगा कुरकुरत फोनवर आला. तो सोफ्यावर लोळत पोरीला म्हणाला होता, खोली आवर. तर पोरगी सगळ्या पाहुण्यांसमोर मराठीत म्हणाली, "बाबा, उंटावरून शेळ्या हाकू नको." त्याला त्याचा राग आला होता. मला त्या सबंध भानगडीत तेवढी एक गोष्ट बरी वाटली. मॅडमनं क्लास कधीच सोडला होता. "त्या सराकडं सगळं वाळवनाचं हाय," म्हणायची, "पोरीकडं ताजं मिळतं."

गेल्या हिवाळ्यात तिच्या फुप्फुसात पाणी झालं. नगरला दवाखान्यात ठेवलं. नाकातोंडावर नळी, आणि तशात शनिवार आला. मुलाला विमान मिळेना, म्हणून त्यानं मोबाईलवर मियाला आणलं. पोरगी रडू दाबून म्हणाली, "आजी, हँग इन देअर." टिकून राहा, असा अर्थ. मला भडकायला झालं. म्हणजे 'हँग'चा बैल तोच, वट्यावर बसायचा, फक्त शेपटी बदलली आणि मरणाच्या खाटेपाशी आणून बांधला. मॅडमला धड बोलता येत नव्हतं. तिनं नुसता हात हलवला. फोन बंद झाल्यावर तिनं मला वाकायची खूण केली. नळीआडनं एवढंच म्हणाली, "पोरीची वाटी ऱ्हायली वो. द्या कायतरी." मी म्हणालो, "तू बरी हो न तूच दे. मला त्यातलं घंटा कळत न्हाई." दुसऱ्या दिवशी ती गेली. बादली नाही, गवऱ्या नाहीत. गेली. तेवढा एक शब्द पुरतो.

मुलगा तेराव्याला येऊन गेला. माणसं गेल्यावर जे चालतं त्याची मला जास्त किळस आली. लोकांनी मोबाईलवर तीन इंग्रजी अक्षरं टाकली आणि दुःख उरकलं. त्या टायवाल्यानं तर कमाल केली. सोनईच्या चौकात तिचा फोटो लावून फ्लेक्स टांगला. वर भावपूर्ण श्रद्धांजली, खाली आमची लाडकी विद्यार्थिनी, आणि त्याखाली नवीन बॅचेस सुरू. मी भर बाजारात खांबावर शिडी लावली आणि तो खाली उतरवला. सर धावत आला, "काका, काय करताय?" मी म्हणालो, "तिला शिळं घातलंस ते घातलंस, आता तिच्या मयतीवर दुकान मांडतोस व्हय रं?" फोटो तेवढा कापून घरी ठेवला. उरलेल्यानं गिरणीची मोटर झाकली. तशीही गिरणी बंदच होती.

सूनबाई फोनवर म्हणाली, "बाबा, गेट ओव्हर व्हायला वेळ लागतो." ह्याचा अर्थ मला गिरणीवर ऐकून ठाऊक होता. ओलांडून पुढं जाणं. मी म्हणालो, "ती काय बांध हाय का, टांग टाकून पल्याड जायाला?" मिया मात्र फोनवर येईनाशी झाली. शनिवार यायचा, मुलगा दिसायचा, मागं तो रिकामा सोफा. पुन्हा जिथल्या तिथं. ज्यासाठी बाईनं म्हातारपणी हसं करून घेतलं, ते सगळं पाण्यात. मी विचारलं, "पोरगी कुठाय?" मुलगा म्हणाला, "येत नाही बाबा. शेवटचं तिनं दिलं होतं, म्हणते आता पाळी आजीची आहे. आजीनं दिल्याशिवाय मी बोलणार नाही म्हणते. काय समजावू?"

मला इंग्रजीचा वीट आहे. तो आजही आहे. पण उसनं आलेलं भांडं ह्या घरातनं रिकामं गेलेलं नाही, आणि हे तर अजून गेलंच नव्हतं. म्हणालो, "बोलाव तिला. आजीकडची वाटी द्यायाचीय म्हनावं."

ती आली. केस तोंडावर, नजर खाली. 'हाय' पण म्हणाली नाही. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "बुडत्याला काडीचा आधार."

केसांआडनं आवाज आला, "काडी... म्हणजे स्टिक?"

"त्याच्याहून बारीक. कढीपत्त्याची आस्ती तेवढी. मानूस पान्यात बुडाया लागला की हाताला लागंल ते धरतो. काडी लागली तर काडी."

तिनं केस बाजूला केले. डोळे सुजलेले, पण आजीचेच. "पण आजोबा, तेवढ्या काडीनं माणूस वाचतो?"

खोटं बोलायला मला कधी जमलं नाही. "न्हाई वाचत," म्हणालो. "पन हातातनं सोडत बी न्हाई कुनी."

ती पळाली नाही. पाय वर घेऊन सोफ्यावर बसून राहिली. इकडं मी खाटेवर बसून राहिलो. मुलगा मध्ये एकदा डोकावून गेला. बोलायला दोघांकडंही काही नव्हतं, आणि फोन कुणीच ठेवत नव्हतं. असं बसण्यालाही त्यांच्यात एक शेपटीवाला शब्द आहे. मॅडमला तो यायचा. मी तो तोंडातनं काढणार नाही.