होडीची दुसरी बाजू
राळेचा आणि माशाच्या तेलाचा वास आला की पूर्णगडच्या खाडीकाठचा बाबांचा होड्या बांधायचा मांडव आठवतो. ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीला ड्राफ्ट्समनचा कोर्स करत होतो. बाबा नजरेच्या मापाने होडी बांधायचे, आणि त्यांचा दमा वाढत चालला होता, म्हणून त्यांची होडी कागदावर उतरवून ठेवायचं मी ठरवलं. पाच ठिकाणचे आडवे छेद मोजले, तेही फक्त उजव्या अंगाचे. अख्खी होडी एका कागदात मावली याचा मला कोण अभिमान! बाबांनी कागद निरखून विचारलं, "नि डावी बाजू रे?" मी म्हटलं, "ती तशीच असते, बाबा. पलटली की झालं." माझ्या तोंडाकडे बघून ते नुसता डाव्या फळ्यांवरून हात फिरवत राहिले. पुढे बाबा वारल्यावर त्या कागदावरून कारागिरांनी नवी होडी बांधली. पहिल्यांदाच जाळं ओढलं आणि ती डावीकडे कलली. तिचा मालक मला हळूच म्हणाला, "जाळ्याकडची डावी बाजू तुझा बापूस भार पेलायला मुद्दाम फुगीर ठेवायचा. तुला ठाव नव्हतं?" आता संगणकावर एक बटण दाबलं की अर्धी आकृती पलटून पुरी होते. ते दाबताना दर वेळी डाव्या फळ्यांवरून फिरणारा बाबांचा तो हात दिसतो. त्या दिवशी मी "का?" एवढंच विचारायला हवं होतं.