धवल्यासाठी एक लग्न

मृणालीनं पीएचडीला नाव घातलं तेव्हा मी तिला सरळ सांगितलं होतं, "दोन दगडांवर पाय ठेवू नकोस, तोंडावर आपटशील." शाळेत मी तिला मराठी शिकवलं. निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली, पण फुकटचा सल्ला द्यायची खोड काही निवृत्त झाली नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि काही महिन्यांनी पहिलं प्रकरण तपासायला माझ्या पुढ्यात आणून ठेवलं. तेव्हापासून मी तिची बिनपगारी तपासनीस.

मृणाली अंजूरच्या आगरी घरातली. गावाजवळच्या गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे. खोकी येतात, खोकी जातात आणि ही दिवसभर त्यांच्या मागे. नोकरी सोडणं शक्य नव्हतं, म्हणून परवडेल अशा फीचं मुक्त विद्यापीठ तिनं शोधून काढलं. मार्गदर्शक सुकन्या मॅडम दूरच्या शहरात. त्यांच्याशी बोलणं व्हायचं ते व्हिडिओ कॉलवर, जेवणाच्या सुट्टीत, खोक्यांच्या थप्पीआड. विषय घेतला धवल्यांचा. जुन्या रीतीच्या आगरी लग्नात धवलारीण बसते आणि एकेक विधी गाणी म्हणून पार पाडते. ती गाणी म्हणजे धवले. ते कागदावर फार कमी, त्या बायकांना तोंडपाठ.

सहा वर्षांत पाच प्रकरणं झाली आणि सहाव्यात गाडी अडली. एक अख्खं लग्न, पहिल्या धवल्यापासून शेवटच्यापर्यंत, रेकॉर्ड करून उतरवायचं होतं. गावात अख्खं लग्न येणारी एकच धवलारीण उरली होती, ऐंशी ओलांडलेली आक्का. मुदतवाढ घेऊन झाली होती. डिसेंबरअखेर प्रबंध गेला नाही, तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात.

मृणाली तीन लग्नांत मोबाइल घेऊन बसली. तिन्हीकडे डीजे. त्या रेकॉर्डिंगमध्ये आक्का गात असेल, असा फक्त विश्वास ठेवायचा. मग माझ्याच सुपीक डोक्यातून निघालं, की तिला शांत जागी बसवून गाऊन घ्यावं. एका रविवारी आम्ही आक्काला गोदामाच्या ऑफिसात आणलं, एसी बंद केला, माइक लावला. आक्कानं पदर सावरला, दोन ओळी म्हटल्या आणि थांबली.

"नवरी कुठं हाय?"

"नवरी न्हाय आक्का. नुसतं रेकॉर्डिंग हाय," मृणाली म्हणाली.

"अगो, मी गनपतीला बोलावला. आता गावदेवीला बोलावनार. सगलं देव येऊन बसलं, मंग त्यांना काय सांगू? लगीन न्हाय, परत जा?"

आक्का उठली, चपला घातल्या आणि चालू लागली. मी शहरातली, मला ठाऊक नसणार. पण सहा वर्षं धवल्यांवर लिहिणाऱ्या मुलीच्या ध्यानात हे येऊ नये? रिक्षात मी हे बोलूनही दाखवलं आणि मृणाली रडायला लागली. मला माझ्या जिभेचा राग आला.

तिच्या वडिलांना, हिरामणभाऊंना, हा उद्योग कधीच पटला नव्हता. लेक चौतीस वर्षांची झाली, तिचं लग्न कधी व्हायचं, एवढाच त्यांचा घोर. त्या संध्याकाळी त्यांनी लेकीचा चेहरा पाहिला, काय झालं ते माझ्याकडून ऐकलं आणि टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "तुलशीच्या लग्नाला कोन डीजे लावतो?"

आक्का तयार झाली, पण अटीवर. "तुलस नवरी त नवरीच. पन मांडव पायजे, हलद पायजे, बाप पायजे. अर्धामुर्धा मी गात न्हाय."

दिवाळीनंतर परत आलेल्या मालानं गोदाम तुंबलेलं असतं, तेव्हा सुट्टी मिळणं मुश्किल. मृणालीनं अर्जात कारण लिहिलं, घरी लग्न. ते खोटं थोडंच होतं! साहेब केदार यांनी अर्ज लगेच मंजूर केला आणि सगळ्या स्टाफसह डिनर सेट घेऊन मांडवात हजर झाले. नवरदेव कुठेत म्हणून विचारायला लागले, तेव्हा मी त्यांना पाटावरचा बाळकृष्ण दाखवला. ते बिचारे आधी लाजले, मग सगळ्यांत जास्त हसले आणि जेवणाच्या पंगतीत वाढायलाही उभे राहिले.

आक्का चार तास गायली. मध्ये चहासाठी दोनदा थांबली, तेवढंच. शाळेत मी या मुलांच्या बोलीवर लाल रेघा मारत आले. माझ्या त्या लाल शाईची मला त्या दिवशी मनापासून लाज वाटली. इतकी घट्ट विणलेली भाषा मी उभ्या जन्मात लिहिली नव्हती.

वधूपिता म्हणून हिरामणभाऊ तुळशीमागे बसले होते, नव्या टोपीत, अवघडून. पाठवणीचा धवला झाला. मग आक्कानं त्यांच्याकडे पाहत विचारलं, गाऊन नव्हे, साधं बोलून, "हिरामण, लेक दिलीस. मागं काय ठेवलंस?"

हा प्रश्न कुठल्याच धवल्यात नव्हता. हिरामणभाऊंचे डोळे भरून आले होते. मोबाइल धरून बसलेल्या मृणालीकडे त्यांनी बोट केलं.

"ही ठेवली. तिचं पुस्तक पुरं व्हऊ दे. मला घाई न्हाय."

रेकॉर्डिंगमध्ये त्यापुढे कुणीतरी जोरात नाक शिंकरल्याचा आवाज आहे. ते नाक माझं.

मसुदा वाचून सुकन्या मॅडमनी कळवलं, "शेवटचं संभाषण धवल्याचा भाग नाही, ते वगळा." सहा वर्षं प्रत्येक सुधारणा मुकाट्यानं करणारी मृणाली या वेळी म्हणाली, "मॅडम, ते लग्नातच झालंय. राहू द्या." प्रबंध वेळेत गेला, पुढच्या वर्षी पदवीही मिळाली. दोनशे चौदाव्या पानावर, पाठवणीच्या धवल्याखाली, वधूपित्याचं म्हणणं जसंच्या तसं छापलं आहे.