देव्हाऱ्यातली हळद

थापता थापता भाकरी फाटली, आणि ज्वारी पाखडणाऱ्या रेश्माचा हात सुपातच थांबला.

भाकरी फाटते, त्यात एवढं काय. पण ही म्हाळसाबाईंच्या हाताखालची भाकरी होती. शेळगीतल्या पत्र्याच्या खोलीत, परातीपुढं मांडी घालून, त्यांनी अर्धं आयुष्य भाकरी थापण्यात घालवलं होतं. कडक भाकरी. पातळ, मंद आचेवर वाळवलेली, बोटानं दाबली तर कट्‌कन मोडणारी. महामार्गावरच्या हॉटेलांत त्यांची भाकरी जायची, पुण्याला परतणारे पाहुणे पिशव्या भरभरून न्यायचे. नवरा तरुणपणी गेला. शिवराजला त्यांनी याच परातीवर वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न करून कुर्डुवाडीची बी. कॉम. झालेली सून घरात आणली. आणि सुनेला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "तुज्या डिग्रीला मी हात लावत न्हाय. माज्या परातीला तू लावू नको."

सासू तिखट बोलायची, पण सुनेच्या ताटात तूप आठवणीनं तीच वाढायची. सासूला आत्या म्हणणाऱ्या रेश्माला ही तऱ्हा कळायला वर्ष लागलं. एकदा कळल्यावर मात्र या घरात तिला परकं वाटलं नाही.

"पीठ जुनं हाय," म्हाळसाबाई फाटक्या भाकरीचा गोळा करत म्हणाल्या.

पीठ कालचं होतं. रेश्मानंच गिरणीतून आणलं होतं. म्हाळसाबाईंनी गोळा पुन्हा मळला, पुन्हा थापायला घेतला. दुसऱ्या खेपेला कड फाटली नाही, पण भाकरी एका बाजूला जाड आली. मनगट वळत नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट चोळलं आणि सुनेकडं पाहिलं. रेश्मानं मान खाली घातली.

हे सगळं सुरू झालं होतं गुडघ्यांवरून. उन्हाळ्यात म्हाळसाबाईंना खाली बसलं की उठता येईना. डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितलं, वजन उतरवा, नाहीतर आज ना उद्या गुडघे बदलावे लागतील. मग खाली मांडी घालून बसणं बंद.

बाकीचं सगळं म्हाळसाबाई विसरल्या, हे शेवटचं तेवढं लक्षात राहिलं. रिक्षात बसल्या बसल्या म्हणाल्या, "मांडी न्हाय तर भाकरी कसली? हुबी ऱ्हाऊन थापू का, घोड्यावानी?" रेश्मा हसली. त्या हसल्या नाहीत.

त्याच आठवड्यात रेश्मानं मोबाइलवर बघितलं. कोमट पाणी, चिमूटभर हळद, लिंबू, मिऱ्याची पूड. सकाळी अनशापोटी घ्या, चरबी वितळते. सांगणारी बाई बारीक होती आणि फार खात्रीनं बोलत होती. हळद काय, रोज भाजीत पडतेच की, म्हणून रेश्मानं पेला करून दिला. चार-सहा सकाळी तिनंच दिला. मग म्हाळसाबाईंनी तेही काम आपल्याकडं घेतलं. "माजा पेला मी करीन. तू उठायच्या आत माजी पूजा झालेली असती."

आणि वजन खरंच उतरलं. लुगड्याच्या निऱ्या वाढल्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधला काटा दर खेपेला खाली दाखवायचा. शेजारच्या राजाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आक्का, नवरीवानी दिसाय लागलीस की."

"मग नवरा बघ एखादा. माळकरी नको, वशाट खाणारा बघ."

सगळ्या गल्लीला म्हाळसाबाई सांगायच्या, सुनेचं औषध हाय. रेश्माला ते ऐकायला बरं वाटायचं. इतकं बरं, की बाकीचं दिसत असून तिनं ते बाजूला सारलं. ताटातली अर्धी भाकरी तशीच राहायची. "तोंडाला पितळंची चव येती," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. दुपारी पदराचा बोळा पोटाशी दाबून भिंतीला टेकून बसायच्या, आणि कुणी आलं की चटकन सावरायच्या.

त्या फाटक्या भाकरीनंतर तिनं शिवराजला सांगितलं. तो टॉवेलच्या कारखान्यातून दमून आला होता. "वजन उतरतंय म्हटल्यावर थोडी अशक्ती येणारच," तो म्हणाला. "तूच तर सांगितलंस ना घ्यायला."

तूच तर सांगितलंस. रेश्मानं ताट वाढलं आणि स्वतः जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती धुणं धूत होती. म्हाळसाबाईंचा पांढरा टॉवेल हातात आला. पेला रिकामा केला की त्या तोंड पुसायच्या तो. मधोमध पिवळा डाग. रेश्मानं साबण लावला आणि सवयीनं डाग लाल व्हायची वाट पाहिली. हळदीच्या डागाला साबण लागला की तो कुंकवासारखा लाल होतो, हे धुणं धुणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. हा डाग लाल झाला नाही. तिनं आणखी साबण लावला, ब्रशनं घासलं. पिवळा तो पिवळाच.

ती उठली. ओल्या हातानंच स्वयंपाकघरातून डब्यातली हळद आणली, टॉवेलच्या दुसऱ्या टोकाला चोळली, वर साबण फिरवला. क्षणात लाल.

नळ चालूच होता. बादली भरून पाणी वाहायला लागलं तरी तो बंद करायचं तिला सुचलं नाही. मग एकेक गोष्ट ध्यानात येत गेली. इतके दिवस पेला चालू होता, आणि डब्यातली हळद कमीच झाली नव्हती. स्वयंपाकघर तिच्या हातात, डबे तीच भरायची, आणि हे तिच्या नजरेतून सुटलं होतं. मग आत्या पीत होत्या ती हळद कुठली?

दुसऱ्या पहाटे ती मुद्दाम लवकर उठली, आणि तिला ते दिसलं. म्हाळसाबाईंनी समई लावली. खंडोबाच्या टाकांना पाणी घातलं, पुसलं, पितळेचा डबा उघडून देवाला भंडारा लावला, आपल्या कपाळाला लावला, चिमूटभर जिभेवर ठेवला. इथवर सगळं नेहमीचं. मग त्याच डब्यातून त्यांनी चमचा भरून घेतला, चांगला शिगोशीग, आणि कोमट पाण्यात ढवळला. डोळे मिटून पेला कपाळाला लावला आणि गटागटा प्यायल्या.

जत्रेत देवावर उधळतात तो भंडारा. डबा भरला होता रेश्मानंच, जत्रेच्या वाटेवरच्या दुकानातून आणलेल्या पुड्या फोडून. उधळायचा म्हणून विकलेला, झगझगीत पिवळा. तो कुणी चमच्यानं पिईल असं विकणाऱ्याच्याही मनात आलं नसेल. पण म्हाळसाबाईंच्या मनात का येऊ नये? नाव म्हाळसा, घरचा देव खंडोबा. वाण्याच्या हळदीला गुण, तर देवाच्या हळदीला किती.

शिवराजनं सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा उतरला. "मग सांगणार कोण तिला? देवाचा भंडारा खोटा आहे म्हणून? ती जेवण सोडेल, रेश्मा."

"जेवण सुटलंच आहे त्यांचं."

"थांब दोन दिवस. मी बघतो काहीतरी."

दोन दिवस थांबायला सवडच मिळाली नाही. त्याच संध्याकाळी राजाबाई आल्या. त्यांच्या लेकीचं, संस्कृतीचं लग्न ठरलं होतं आणि नवऱ्या मुलाकडच्या कुणीतरी पोरगी अंगानं भरलेली आहे म्हणून कुजबुज केली होती. "आक्का, तुजी ती हळद आमच्या पोरीलाबी दे की थोडी."

"सकाळी ये. पोरीला घिऊन ये. देवाम्होरं ठिवून देते," म्हाळसाबाई म्हणाल्या. बोलताना एक हात पोटावर होता.

रेश्मा पाण्याचा तांब्या घेऊन मध्येच उभी राहिली. आत्ता बोलावं, तर राजाबाईंदेखत सासूचा पाणउतारा. न बोलावं, तर उद्या एकाच्या जागी दोन पेले. तिनं तांब्या ठेवला आणि आत गेली.

सकाळी ती म्हाळसाबाईंच्या आधी उठली. त्या देवापुढं आल्या तेव्हा सून न्हाऊन देव्हाऱ्याशी बसलेली. पुढ्यात स्वयंपाकघरातला हळदीचा डबा, आणि शेजारी म्हाळसाबाईंच्याच पानाच्या चंचीतली चुन्याची डबी.

"आज लई भक्ती आली?"

"आत्या, पेला करा. पण प्यायच्या आधी एक बघा."

म्हाळसाबाईंनी पेला केला. ढवळताना चमचा काठाला किणकिण आपटत होता.

"तुमच्या आईनं घरी कुंकू कसं केलं, ते तुम्हीच मला सांगितलं होतं," रेश्मा म्हणाली. तिनं तळहातावर चुना घेतला, त्यात डब्यातली हळद टाकून बोटानं कालवली. तळहात लाल झाला. "ही स्वयंपाकाची."

"मग?"

"आता देव्हाऱ्यातली."

म्हाळसाबाईंच्या ध्यानात आलं. त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "देवाची परीक्षा घेतीस व्हय गं? माज्या घरात?"

रेश्मानं लाल झालेला तळहात मिटला. "देवाची नाही, आत्या. पुडीची. दुकानातून मी आणलेल्या पुडीची."

"शिवराजला म्हाईत हाय?"

"आहे."

शिवराज दाराच्या चौकटीत येऊन उभा होता. आईनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं नजर खाली वळवली नाही, एवढीच त्या सकाळी त्याची मदत. तेवढ्यात बाहेरून राजाबाईंची हाक आली. पाठोपाठ त्या आणि संस्कृती आतच आल्या. पोरीच्या हातात लखलखीत घासलेली वाटी होती.

म्हाळसाबाईंनी पेला डाव्या हातात घेतला आणि उजवा तळहात सुनेपुढं धरला. "चुना दे."

त्यांनी स्वतः पितळेच्या डब्यातली चिमूट घेतली. स्वतः कालवली. कडेला तळहात जरासा केशरी झाला, एवढंच. बाकी पिवळा. त्यांनी डब्याच्या तळाशी बोट घालून दुसरी चिमूट काढली आणि पुन्हा कालवली. रेश्मा त्यांच्या तळहाताकडं बघत नव्हती, तोंडाकडं बघत होती. त्या तोंडावर राग दिसला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"राजा," म्हाळसाबाई वळून न बघता म्हणाल्या, "आज न्हाय. पोरीला घिऊन घरी जा."

"का गं आक्का? काय झालं?"

"पोरगी हाय तशी चांगली हाय. भाकरी खाऊ दे तिला पोटभर."

त्या दोघी गेल्यावर म्हाळसाबाई पेल्याकडं बघत राहिल्या. देवाचं म्हणून घेतलेलं मोरीत ओतता येत नव्हतं. तुळशीला घालावं, तर आता त्यालाही मन धजेना. पहिल्यांदाच त्यांनी सुनेला विचारलं, "ह्ये आता कुटं वतू गं?"

"ओतू नका. डॉक्टरांना दाखवायला लागेल. डबापण घेऊ."

रिक्षात डबा रेश्माच्या मांडीवर होता. पेला मात्र म्हाळसाबाईंनी दिला नाही. पदराखाली झाकून दोन्ही हातांत धरला. रस्ता खणलेला, रिक्षा आदळत होती, आणि वळत नसलेल्या त्या मनगटांनी त्यांनी थेंबभरही सांडू दिलं नाही. वाटेत एकदाच बोलल्या. "मी मेले असते, तर लोकं म्हनले असते सुनेनं काय पाजलं."

ते रेश्माचं रात्रभर स्वतःशी म्हणून झालं होतं.

रक्त तपासायला बाहेर पाठवावं लागलं. मग निकाल आला. रक्तात शिसं निघालं. त्या भंडाऱ्यातल्या रंगाचं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. दिवस लागतील, पण हातात बळ येईल. रेश्मानं हळदीचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, भाजीतली हळद खुशाल खा. पण वजन हळदीनं उतरलेलं नाही, यांची भूक मेली म्हणून उतरलं.

औषधं झाली. पथ्य झालं. परातीला पहिल्यांदाच रेश्माचा हात लागला, आणि तिच्या भाकऱ्या बघून म्हाळसाबाई अंथरुणातून म्हणाल्या, "ह्या हाटेलात देऊ नको. टायर म्हनून इकतील." त्या दिवशी शिवराज बऱ्याच दिवसांनी हसला. पुढच्या रविवारी त्यानं सुताराकडून बेताच्या उंचीचं टेबल आणि स्टूल करून आणलं. म्हाळसाबाईंनी त्याकडं आठवडाभर पाठ फिरवली.

देव्हाऱ्यातला डबा घासून पालथा घातला होता. एक दिवस म्हाळसाबाईंनी हळकुंडं आणवली, रेश्माकडून कुटून घेतली, वस्त्रगाळ केली. डब्यात भरायच्या आधी चंचीतला चुना तळहातावर घेऊन चिमूटभर कालवली. तळहात लालभडक झाला. तोच हात त्यांनी देवापुढं जोडला.

राजाबाई दारातून म्हणाल्या, "आक्का, पुन्यांदा भरलीस की गं अंगानं."

"भरू दे. तुला काय उचलून न्यायची हाय?"

मग कुणी बघत नाही असं समजून त्या स्टुलावर बसल्या. टेबलावर परात ओढली. रेश्मा दारात ज्वारी पाखडत होती. तिनं मान वर केली नाही, पण सूप हलायचं थांबलं होतं. आतून आवाज येत होता. थाप, थाप, मग परातीत भाकरी फिरल्याची सळसळ. पुन्हा थाप. मध्ये एकदा आवाज अडला. मग पुन्हा थाप.

भाकरी तव्यावर पडली. कड शाबूत होती.

"काय ऐकतीस चोरून?" म्हाळसाबाई म्हणाल्या. "पीठ नवं हाय आज, म्हनून."

पीठ चार दिवसांचं होतं. रेश्मा "व्हय" म्हणाली आणि सूप हलवायला लागली.