पेवात सोडायचा कंदील

तिसगावच्या बाजूला आमचं गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला लागणारा द्राक्षारस माझे वडील, अप्पा, घरीच करतात. घरामागं आजोबांनी लावलेल्या चार वेली आहेत. खोडं मांडीएवढी जाड, घड मात्र वर्षागणिक कमी. "म्हाताऱ्या झाल्यात, पण गोडी न्हाई सोडली," असं अप्पा कौतुकानं म्हणतात. मला मात्र मार्च आला की त्या वेलींची भीतीच वाटते.

रसाच्या बरण्या धान्याच्या जुन्या पेवात, जमिनीखालच्या गारव्याला ठेवतात. रस आंबताना त्यातून निघणारी जड हवा तळाशी साचते. तिला वास नाही, रंग नाही. म्हणून अप्पा आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडत. तो विझला तर त्या दिवशी उतरायचं नाही. उतरताना कमरेला दोर, त्याचं दुसरं टोक काठावरच्या वेलीच्या खोडाला.

मी नागापूरला एमआयडीसीत नोकरी करते आणि मला सगळ्यातलं कळतं, असा माझा समज होता. कंदील विझलेला मी कधी पाहिला नव्हता. मी अप्पांना डोक्याला बांधायची बॅटरी आणून दिली आणि फोनवरून फैलावर घेतलं, "तो काजळीचा डबा फेका आता. पुन्हा दिसला तर बघा!"

मागच्या मार्चमध्ये सुट्टीवर आले. सकाळी अप्पा पेवात उतरले. खाली लख्ख उजेड होता, म्हणून मी काठावर बसून गप्पा मारत होते.

"अप्पा, रसाचा गाळ खाली बसला का?"

उजेड एकाच दगडावर थांबला होता. पुन्हा हाक मारली. उजेड हलेना. मी शिडीवर पाय टाकला तोच आईनं मागून माझी वेणी धरून ओढली.

"उतरू नगंस! दोन मढी काढू का मी? दोर वढ!"

आम्ही दोघींनी ओढलं. तळहात सोलले. शिडीवर अडकत, घासत अप्पा वर आले तेव्हा त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते आणि कपाळावरची बॅटरी जळतच होती. आई पदरानं वारा घालत राहिली. किती वेळानं कोण जाणे, त्यांनी श्वास घेतला.

दवाखान्यातून घरी आणलं. कांबळं शोधताना धान्याच्या कोठीमागं कंदील सापडला. पुसून, तेल भरून, पोत्यात गुंडाळलेला.

"अप्पा, हा इथं कसा?"

ते ओशाळून हसले. "तू घरी आल्ती ना. म्हनलं, दिसला तर पोरगी रागवंल."