शोषासुर कोण होणार?

मी शाळेत फारसं बोलत नाही, नुसती बघते. त्यामुळे बाकीच्यांचे किस्से बोलून संपतात, माझे साचत जातात. यंदा आमच्या चाकूरच्या तलावात काही साचलं नाही. पण गॅदरिंगच्या नाटकाचे किस्से इतके साचलेत की आता लिहायलाच हवेत!

नाटक चित्रकलेच्या सरांनी एका रंगीत कॉमिक्सवरून लिहिलं. त्यातला शोषासुर नद्या, विहिरी पिऊन टाकतो आणि उरलेली शेवटची घागर गावासमोर मातीत ओततो. लातूर नवाच जिल्हा झालेला. तिथल्या पहिल्या स्पर्धेला नाटक न्यायचं होतं. हेडसरांनी एकच अट घातली.

"पहिलीतलं एक तरी लेकरू भिऊन रडलं पाहिजे. न्हाईतर लातूर विसरा!"

*

पहिला बसवराज. दहावीतला, दारात वाकून येणारा. पहिलीची पोरं समोर बसवली. बसवराज गरजला, "तुमचं समदं पाणी मी पिणार!"

पुढच्या एका पोराचा ओठ थरथरायला लागला. आम्ही श्वास रोखला. तेवढ्यात बसवराज खाली वाकला, "रडू नको रे राजा, खोटं हाय," आणि त्यानं खिशातले फुटाणे पोराच्या हातावर ठेवले!

दुसऱ्या दिवशी पहिलीचा अख्खा वर्ग आमच्या वर्गाच्या दारात. "राक्षस कुठं हाय? फुटाणे पाहिजेत!"

*

मग सुभाष. सरांनी तव्याची काजळी तेलात कालवून त्याच्या तोंडाला फासली. असला भेसूर दिसला की मुलींनी बाक मागं ओढले! पण धुवायचं कसं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शाळेची टाकी कोरडी. घरी आई ओरडली, "प्यायच्या पाण्यानं थोबाड धुतूस का? टँकर येऊ दे!"

टँकर काही येईना. सुभाष तसाच काळाकुट्ट वर्गात बसायचा. शेवटी टँकर आला, तोपर्यंत पहिलीची पोरं त्याच्या पाठीवर बसून घोडा-घोडा खेळायला लागली होती.

*

"हसू असं पाहिजे," म्हणत सर बाकावर चढले आणि हसले. खरंच अंगावर काटा आला! एवढ्यात दारात हेडसर. सरांचं हसू घशातच अडकलं. घाईनं उतरताना एक चप्पल बाकावरच राहिली. आम्ही सगळे भिंतीला चिकटलो.

"काय चाललंय हे?" हेडसरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघताच गेले.

ते गेल्यावर माझी मैत्रीण मुक्ता हळूच म्हणाली, "सर, शोषासुर सापडला की!"

सर चप्पल शोधत म्हणाले, "हाव. पण त्यांना विचारायला कोण जाईल?"

*

पुढच्या तालमीत राक्षसाची जागा रिकामी नको म्हणून मला तिथं उभं केलं. "नुसती उभी राहा गं. बोलायचं काही न्हाई."

समोर पहिलीचा वर्ग, त्यांच्या मागं हेडसर. माझी मान हलेना, पापणी लवेना. समोरच्या एका पोरीवर नजर पडली ती तिथंच खिळली. ती पोर मागं सरकली. आणखी मागं सरकली. आणि तिनं भोकाड पसरलं!

"हीच," हेडसर म्हणाले. "लातूर पक्कं."

"सर, मला लई भ्या वाटतंय."

"वाटू दे. तोंडावर ते तसंच ठेव!"

*

गॅदरिंगला अख्खं गाव आलं. माझ्यासाठी स्टेजवर रिकामी घागर ठेवली होती. पलीकडे पाहुण्यांच्या पिण्याची, टँकरच्या पाण्यानं भरलेली. मला वाक्य नव्हतंच. घागर उचलायची आणि पालथी करायची, एवढंच. डोळ्यांपुढं अंधारी आलेली. हाताला लागली ती उचलली.

जड होती.

मी घागर तिरपी केली.

"अगं अगं अगं!" पुढच्या रांगेतली एक बाई धावत येऊन स्टेजच्या कडेला पदर पसरून उभी राहिली. माणसं उठली. धार थांबेपर्यंत माझा हात थांबला नाही. टाळी कुणीच वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. रोजचीच ढकलाढकली, रोजच्याच शिव्या. मी नेहमीसारखी सगळ्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. एकीनं वळून पाहिलं. मग दुसरीनं. आवाज बंद झाले. बायका आपापल्या घागरी पोटाशी धरून बाजूला सरल्या आणि माझ्यापासून टँकरपर्यंत सरळ वाट मोकळी झाली.

"भर माय," त्यातली एक खाली बघत म्हणाली. "आधी तूच भर."