पायऱ्यांची ट्रायल

माझा नवरा आयुष्यभर मेंटेनन्समध्ये होता हे आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचून माणूस वाईट आहे असं वाटेल. माणूस वाईट नाही. त्याचा फक्त एक नियम आहे: आधी दुरुस्ती, मग बाकीचं. चाकणच्या कंपनीत या नियमावर त्याची सगळी नोकरी झाली आणि शेवटच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळालं. घरात तोच नियम मला लागू होता. मला शाल कुणी दिली नाही.

समुद्राचंच घ्या. आम्ही दोघं मूळचे लातूरकडचे. पिंपरी-चिंचवडला येऊन उमर गेली, सकाळी निघालं तर दुपारी जेवायला समुद्रावर पोचतो म्हणतात, आणि मी तो टीव्हीवर बघत आले. आधी माझी फर्स्ट शिफ्ट आणि याची थर्ड, त्यामुळे आम्ही एकमेकांनाच धड बघत नव्हतो, समुद्र कुठला. पुढे सवड झाली तेव्हा गाडीच्या क्लचमधून आवाज यायला लागला. आधी क्लच. क्लच झाला तर गीझर गळायला लागला. गीझर झाला तर सोसायटीचं रंगकाम निघालं आणि हा कमिटीवर. माझ्या कंपनीत लाइनवर माझ्या शेजारी एक कोकणातली बाई वायरी बांधायची. मी समुद्र बघितला नाही म्हटलं की तिला वाटायचं मी तिची मस्करी करते.

तर रिटायर झाल्यावर याने एक जुना पिकअप टेम्पो घेतला. मागच्या हौद्यावर छोटी खोली बांधायची, तिच्यात झोपायला बाक, शेगडी, कोपऱ्यात संडास, आणि वाट फुटेल तिकडे निघायचं. याला कॅम्पर म्हणतात. पहिला मुक्काम समुद्रावर, असं त्याने स्वतःहून जाहीर केलं. मला आनंद झाला. अगदी रडू येईल इतका झाला, खोटं कशाला बोलू. महाळुंग्याला एका फॅब्रिकेशनवाल्याच्या शेडमध्ये काम सुरू झालं आणि मी पहिल्यांदा बघायला गेले. खोलीचं दार मागच्या बाजूला होतं आणि त्याचा उंबरा माझ्या कमरेच्या वर. मी तिथंच थंड पडले, कारण माझा उजवा गुडघा गेला होता आणि ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

गुडघा एका दिवसात जात नाही. वर्षानुवर्षं उभ्याने काम केलं, कंपनीच्या बसची ती उंच पायरी रोज चढले-उतरले, त्याचं ते फळ. डांगे चौकात भाजीला जाते असं सांगून मी थेरगावच्या डॉक्टरांना दाखवून आले होते. ते म्हणाले, घाई नाही, पण बदलावा लागेल. आता हे मी नवऱ्याला सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला तोंडपाठ होतं. आधी गुडघा. मग व्यायाम. मग पावसाळा. मग टेम्पो इतके दिवस उभा राहिला म्हणून त्याची बॅटरी. समुद्र परत टीव्हीवर. म्हणून मी ठरवलं की आधी समुद्र, मग गुडघा, आणि तोंड शिवून बसले.

लपवणं फार अवघड गेलं नाही. बामाचा वास आला की डोकं दुखतंय म्हणायचं. लिफ्ट बंद पडली की खाली बायकांशी गप्पा मारत बसायचं, ती चालू होईपर्यंत. नवरा म्हणायचा, रिटायर मी झालोय आणि गप्पा तुझ्या वाढल्यात.

पण पायऱ्यांचा प्रश्न होता. सगळं त्यावर अडलेलं. पायऱ्या नीट मिळाल्या तर मी गुपचूप चढणार, गुपचूप समुद्रावर उतरणार. नाही मिळाल्या तर पहिल्याच पायरीवर माझं पितळ उघडं.

दर रविवारी सकाळी शेडमध्ये मीटिंग भरायची. नवरा आणि त्याचे कंपनीतले जुने मित्र. चहा, टेप, खडू, आणि 'राव, असं बघ' ने सुरू होणारी वाक्यं. विषय पायऱ्यांचा. नवऱ्याच्या मनात दोन पायऱ्यांचा एक सेट भरला होता. लोखंडी, उंच, अरुंद, पण एका हाताने उचलला की घडी होऊन गाडीच्या पोटाखाली सपाट बसायचा. तो सारखा घडी घालून उलगडून दाखवायचा. त्यावर चढायचंही असतं याचा त्याला विसर पडला असावा.

आणि शेडच्या कोपऱ्यात माझ्या पायऱ्या पडल्या होत्या. कुठल्याशा साइट ऑफिसच्या केबिनसाठी केलेल्या, मग ऑर्डर रद्द झाली म्हणून तशाच राहिलेल्या. चार बुटक्या, रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा. मला मुलगा दाखवायला आणला होता तेव्हा तोसुद्धा बघताक्षणी इतका पसंत पडला नव्हता.

"त्या काय वाईट आहेत?" मी विचारलं.

"वहिनी, ते धूड ठेवायचं कुठं? घर न्यायचंय, जिना नाही," एक मित्र म्हणाला आणि सगळे हसले.

खरं कारण सांगता येत नव्हतं, मग खोटी कारणं शोधायला लागले. पहिलं नाव सासूबाईंचं पुढं केलं. सासूबाई आमच्याकडेच असतात, ऐंशीच्या घरात आहेत. म्हटलं, आईंना या उंच पायऱ्या कशा जमतील? मला वाटलं होतं यावर सगळ्यांची बोलती बंद होईल. पुढच्या रविवारी नवरा आईला घेऊन शेडमध्ये हजर. म्हातारीने पदर खोचला, चप्पल काढली आणि सरसर वर. जन्म रानात गेलेला, बांध चढून-उतरून हाडं पक्की. वरून म्हणते, "मला काय धाड भरलीय? ही काय चढण हाय?"

मग चहाचं काढलं. म्हटलं, हातात कप घेऊन या अरुंद पायऱ्या चढायच्या कशा, सांडेल की. मला वाटलं, रुंद पायऱ्या येतील. आठवड्याने जाऊन बघते तर खोलीच्या भिंतीला एक खिडकी कापलेली, खाली छानशी फळी. "चहा इथून द्यायचा. चढायलाच नको." मित्रांनी त्याची पाठ थोपटली. मग म्हटलं, दाराशेजारी एक दांडा लावा, टॉवेल वाळत घालायला. उत्तम स्टीलचा दांडा आला. टॉवेलला ऊन लागावं म्हणून तो त्याने पार पलीकडच्या बाजूला लावला. या माणसाला खोटं कारण सांगितलं की तो खोट्या कारणाचं खरं उत्तर काढतो. इतकी वर्षं संसार करून मला हे कळायला हवं होतं.

शेवटी दोन पायऱ्यांचा सेट पास झाला, तोही रीतसर ट्रायल घेऊन. सिमेंटच्या गोण्या आणल्या, एकावर एक पायरीवर रचल्या आणि सगळे चहा पीत बघत उभे राहिले. पायरी केसभरसुद्धा वाकली नाही. माझा नवरा इतका खूश मी आमच्या लग्नातही बघितला नव्हता. गोण्यांना गुडघे नसतात हे मी मनात म्हटलं. तू एकदा चढून बघ, असं मला मात्र कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी पळ काढला असता हेही खरं, पण म्हणायला काय जात होतं?

गाडी पिंपळे सौदागरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये आली. निघायचं पुढच्या आठवड्यात, त्याआधी पूजा. झेंडूचं तोरण, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबं. मित्र आले, सोसायटीतली चार माणसं आली, सगळ्यांचे मोबाइल वर. मी आरतीचं ताट घेऊन मागच्या गर्दीत उभी राहिले होते. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आता घरात शिरतेत तसं शिरायचं. लक्ष्मीनं आधी."

"आई, तुम्हीच चढा ना," मी म्हटलं.

"मी नको गं. सवाष्णीनं चढावं." हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला त्यांचाही राग आला आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटलं. अख्ख्या पार्किंगमध्ये ती गाडी न कण्हता चढू शकणारी बाई एकच होती आणि तिला विधवा म्हणून मागे ठेवलं होतं.

मी पुढे गेले. हातात ताट, समोर ती पायरी.

"उजवा पाय टाक हां," सासूबाई म्हणाल्या.

मी उजवा उचलला आणि पायरीवर ठेवला. इथवर जमलं. मग त्यावर भार देऊन वर जायचं, तर गुडघ्यात अशी कळ आली की ताटातलं निरांजन तिरकं झालं. मी पाय खाली घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला. मग डावा ठेवला.

"अगं डावा नव्हं, उजवा."

"उजवा गेलाय, आई," मी म्हटलं. बोलून गेले. "दोन वर्षं झाली. बदलायला सांगितलाय."

नवरा पुढे आला. त्याने आधी पायरीकडे बघितलं, वाकून तिचा नटबोल्ट चाचपला, जणू बिघाड तिथं असावा. मग माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी वेगळं बोलेल.

"मग आधी गुडघा करून घेऊ," तो म्हणाला. "गाडी काय पळून चाललीय?"

मला इतका संताप आला की त्या संतापातच मी ताट सासूबाईंच्या हातात दिलं, दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि डाव्या पायावर अंग वर ओढलं. उजवा मागून फरपटत आणला. परत एकदा. दिसायला ते फार काही शोभेचं नव्हतं आणि चार मोबाइलमध्ये ते अजून आहे. आत जाऊन बाकावर बसले आणि धाप लागली.

"अगं उतर, डॉक्टरकडे जाऊ," नवरा खालून म्हणाला.

"चढताना दुखतं. उतरताना जीव जातो," मी म्हटलं. "एकदाच उतरणार. समुद्रावर उतरवा, तिथं उतरते."

त्याने समजावलं. मित्रांनी समजावलं. वहिनी, प्लॅन नाही, कपडे नाहीत, गॅस भरलेला नाही. मी आत बसून होते. इतक्यात सासूबाईंनी ताट बॉनेटवर ठेवलं, पदर खोचला आणि चढून माझ्या शेजारी येऊन बसल्या. लेकाला म्हणाल्या, "मलाबी दावा समुद्र. माझं काय दुरुस्त व्हायचं राहिलंय?"

नवरा घरी जाऊन कपडे घेऊन आला, चुकीचे. मग गोळ्या आणायला गेला. मग दूध बंद करायला. शेवटी त्याने आमच्याकडे न बघता त्या पायऱ्यांची घडी घातली, दार लावलं आणि गाडी काढली.

ताम्हिणीतून उतरताना आम्ही दोघी एकमेकींना धरून बसलो होतो. पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गाडी थांबली, त्याने पायऱ्या उलगडल्या, दार उघडलं, आणि समोर तो होता, सगळा. सासूबाईंनी हात जोडले.

त्या टुणकन उतरल्या. मी दारात आले आणि खाली बघितलं. टायर वाळूत गेले म्हणून त्याने गाडी अलीकडे उताराला लावली होती, त्यामुळे खालची पायरी अधांतरी. तिच्याखाली आणखी एका पायरीइतकी पोकळी. नवरा पुढे आला आणि एक गुडघा वाळूत टेकून बसला, त्या पोकळीत दुसरी मांडी पायरीसारखी पुढे धरून.

"ठेव पाय."

"काहीतरीच काय. तुम्हाला पाय लागेल," मी म्हटलं. इतक्या वर्षांत झोपेत चुकून लागला तरी मी उठून नमस्कार करत आले होते. आणि त्याची आई समोर उभी. मी तिच्याकडे बघितलं. ती समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

"ठेव," तो म्हणाला. मान खाली होती. "अलगद नको ठेवूस. सगळा भार दे."

मी त्याच्या डोक्यावर हात टेकला, मांडीवर पाय ठेवला आणि सगळा भार दिला.